सॅम्पल फ्लॅटमधलं बिऱ्हाड

सॅम्पलबाईंनी आजवर तीनशेच्या वर कुटुंबांना घर घ्यायला लावलं होतं आणि स्वतः त्या बायकांच्या हॉस्टेलमध्ये एका कॉटवर राहत होत्या. "दिव्याखाली अंधार असायचाच," असं त्याच हसत सांगायच्या, कारण दुसऱ्या कुणी टोमणा मारण्याआधी आपण मारून घेतलेला बरा. वय चोपन्न, उंची बेताची, आवाज मात्र खालून चौदाव्या मजल्यापर्यंत पोचेल असा. बावीस वर्षं त्या बिल्डरांकडे सॅम्पल फ्लॅट दाखवायचं काम करत होत्या. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. साइटवर मुकादमापासून मालकापर्यंत सगळे त्यांना सॅम्पलबाई म्हणत, आणि बाईंचा एकूण नमुना पाहता कुणाला त्यात काही चूक वाटत नसे.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे काय, ते ज्यांना गंडवून घ्यायची संधी मिळालेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. इमारतीचा नुसता सांगाडा उभा असतो, तेव्हा गिऱ्हाइकाला भुलवायला खाली एक घर सजवून ठेवतात. त्यात सगळं असतं आणि काहीच नसतं. फ्रीजच्या आत यंत्र नाही. कपाटातली पुस्तकं म्हणजे पुठ्ठ्याच्या नुसत्या पाठी. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. पलंग मुद्दाम पाऊण मापाचा करून घेतलेला, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, कारण दार फार जागा खातं. या लबाडीची सॅम्पलबाईंना काडीइतकी लाज नव्हती. "लग्नाच्या फोटोत नवरी कधी जांभई देते का?" असं त्या विचारायच्या.

एका मंगळवारी संध्याकाळी, बंद करायच्या वेळेला, एक बाई सहा वर्षांच्या मुलीचा हात घट्ट धरून आत आली. तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती. सॅम्पलबाईंनी सवयीने रजिस्टर पुढे केलं. बाई म्हणाली, "नुसतं बघून जाते." पण सॅम्पलबाई कसल्या ऐकतायत!

"नाव आणि फोन नंबर लिहिल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही आत सोडत नाही."

चष्मेवालीने जरा घुटमळून दोन्ही लिहिलं आणि सॅम्पलबाईंची टकळी सुरू झाली. हवा अशी खेळती, उजेड असा भरपूर. पण बावीस वर्षांत त्यांना गिऱ्हाइकाची नस सापडलेली होती. बहुतेक बायका आधी स्वयंपाकघरात शिरतात, पुरुष पार्किंगचं विचारतात. हिने विचारलं, "मागच्या बाजूने बाहेर पडता येतं का?" आणि मग, "कडी आतून लागते ना?" तिच्या पायात घरातल्या स्लिपर होत्या. मुलीने टेबलावरचं सफरचंद उचलून चावलं, ते प्लास्टिकचं निघालं, तरी तिने ते हातातून सोडलं नाही. सॅम्पलबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. असं याआधी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा त्यांची दाढ काढलेली होती.

"कुणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"पडले."

"मीही पडायचे," सॅम्पलबाई म्हणाल्या. "लग्न मोडलं आणि पडायची थांबले."

मग चष्मेवाली सगळं बोलली. दुपारी मुलीला शाळेतून घेतलं होतं, पोलीस चौकीत तक्रार लिहून दिली होती, आणि तेव्हापासून दोघी रस्त्यावर होत्या. माहेर म्हणावं तर तिथला भाऊ नवऱ्याच्याच ताटाखालचं मांजर. उघड्या दरवाजाची एकच जागा दिसली, ती ही.

सॅम्पलबाईंनी महिला निवाऱ्याला फोन लावला. तिथल्या ताई शांतपणे म्हणाल्या, की सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत, शुक्रवारी सकाळी एक रिकामी होईल, गाडी पाठवून दुपारी बाराला त्यांना घेऊन जाऊ. "तोवर तीन रात्री राहायला सुरक्षित जागा आहे का?"

सॅम्पलबाईंच्या हॉस्टेलमध्ये पाहुणीला सोडाच, पाहुणीच्या छत्रीलाही मनाई होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "दोन बेडरूम, हॉल, किचन. सगळं सजवलेलं."

अशा रीतीने सॅम्पल फ्लॅटमध्ये बिऱ्हाड आलं. रात्रीच्या वॉचमनला विश्वासात घेतलं. बाहेरून ब्रेड, केळी आणि दूध आलं. पाऊण मापाच्या पलंगावर चष्मेवालीला तिरपं झोपावं लागलं. आतल्या खोलीला दार नाही हे पाहून तिचा चेहरा उतरला, तेव्हा सॅम्पलबाईंनी स्वतःच्या हाताने जेवणाच्या टेबलाच्या सहाही खुर्च्या मुख्य दारामागे कशा रचायच्या ते दाखवलं. जाताना त्यांचा पाय निघेना. हॉस्टेलचं फाटक बंद होईल म्हणून त्या गेल्या, पण रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बुधवारी सकाळी अकरा वाजता, न कळवता, साहेब आले. साहेब म्हणजे बिल्डर. त्यांनी पाहिलं तर त्यांच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये एक बाई मुलीची वेणी घालत बसलेली.

"हे कोण?"

"फॅमिली, साहेब," सॅम्पलबाई पापणीही न लवता म्हणाल्या. "नवीन पद्धत आहे. रिकामं घर बघून गिऱ्हाइकाला आपण तिथे राहतोय असं वाटत नाही. राहती फॅमिली दाखवायची. नदीपलीकडच्या साइटवाल्यांनी कधीच सुरू केलंय."

साहेबांना एरवी काहीच पटत नसे, पण दुसऱ्याने आधी केलंय म्हटलं की लगेच पटे. ते दोनदा फ्लॅटभर फिरले, मान डोलावली आणि मग कपाळाला आठी घातली. "फॅमिलीत नवरा का नाही?"

चष्मेवालीच्या हातातला कंगवा थांबला.

"नवरा कामावर गेलाय, साहेब. भर दिवसा नवरा घरात लोळताना दिसला, तर लोक म्हणतील, याचे हप्ते कोण भरणार?"

"बरोबर," साहेब म्हणाले. "बरोबर आहे. नवरा नकोच."

गंमत अशी, की ती थाप खरीच चालली. गुरुवारी चार पार्ट्या आल्या आणि त्यातल्या तिघांनी परत यायचं कबूल केलं. एका आजीबाईंनी चष्मेवालीला विचारलं, "इथे कसं वाटतं गं?" ती म्हणाली, "शांत वाटतं." ते ती इतकं मनापासून म्हणाली, की आजीबाईंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. त्या दिवशी छोटी पुठ्ठ्याच्या पुस्तकांच्या दुकानाची मालकीण झाली आणि तिने सॅम्पलबाईंना एकच पुस्तक पाच वेळा विकलं. सॅम्पलबाईंनी तिच्यात धंद्याची जाण पाहिली आणि त्यांना तिचा फार अभिमान वाटला.

शुक्रवारी सव्वादहाला फोनकाका हसतमुखाने आत आले. फोनकाकांचं काम एकच. रजिस्टरमध्ये ज्याने नंबर लिहिला, त्याला तीन दिवसांनी सकाळी बरोबर दहा वाजता फोन करायचा आणि विचारायचं, फ्लॅट आवडला का. पंधरा वर्षांत त्यांनी एकही नंबर चुकवला नव्हता. आवाज असा मधाळ, की चुकीचा नंबर लागला तरी माणूस पाच मिनिटं बोलत बसे.

"मंगळवारच्या शेवटच्या पार्टीचं काम झालं समजा," ते म्हणाले. "मॅडमच्या मिस्टरांनीच उचलला. मी म्हटलं, आपल्या मॅडम आणि कन्या येऊन गेल्या, त्यांना आमचा फ्लॅट पसंत पडलेला दिसतोय. इतके खूश झाले! पत्ता दोनदा विचारून घेतला. अकरा वाजता स्वतः येतायत."

सॅम्पलबाई चष्मेवालीकडे वळल्या. चष्मेवाली भिंतीला टेकली.

"नऊ वर्षं प्रत्येक फॉर्मवर त्याचाच नंबर लिहिलाय, काकू," ती म्हणाली. "मला दुसरा नंबर पाठच नाही."

आणि तो लिहायला लावला कुणी? सॅम्पलबाईंनी. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की मुकादमानेही कान झाकले असते. आतली फॅमिली म्हणजेच मंगळवारची पार्टी, हे फोनकाकांना कळलं तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. नवऱ्याच्या हाती ही पोर पुन्हा लागली, तर पुढच्या वेळी नुसता चष्मा मोडून भागणार नव्हतं, हे तिघांनाही बोलल्याशिवाय कळत होतं.

सॅम्पलबाईंनी ताईंना फोन केला. खोली नुकतीच रिकामी झाली होती, पण गाडी बाराच्या आधी पोचणं शक्य नव्हतं. "त्याला आमची गाडी दिसता कामा नये," ताई म्हणाल्या. "मी पोलिसांना कळवते. तोवर त्याला कुठेतरी गुंतवून ठेवता येईल?"

"ताई," सॅम्पलबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं मी दुसरं काय करतेय?"

अकराला पाच कमी असताना तो आला. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू, "नमस्कार मॅडम." सॅम्पलबाईंनी त्याला एका नजरेत ओळखलं. बाहेरून ताजा रंग आणि आत ओल, अशा भिंती त्यांनी आयुष्यभर विकल्या होत्या. मायलेकी तेव्हा फोनकाकांच्या केबिनमध्ये फायलींच्या कपाटामागे बसल्या होत्या.

"माझी मिसेस इथे आली होती म्हणे. कुठे उतरलीय, काही बोलली का?"

"ते नाही बोलल्या, सर. पण त्यांना अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट इतका आवडलाय, की आज पुन्हा बघायला येणार आहेत. बारापर्यंत." सॅम्पलबाईंनी आवाज खाली आणला. "तुम्ही वरच थांबलात तर? सरप्राइज होईल त्यांना."

त्याला ती कल्पना फारच आवडली. त्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहूनही सॅम्पलबाई हसत राहिल्या. आधी त्यांनी त्याच्याकडून चार पानांचा फॉर्म भरून घेतला. मग हेल्मेट डोक्याला बसेना म्हणून तीन बदलली. मग मालाच्या लिफ्टमधून खडखडत त्याला अकराव्या मजल्यावर नेलं. जायच्या आधी लिफ्टवाल्याला डोळ्याने खुणावलं. बारा वाजता जेवणाची सुट्टी होते आणि लिफ्ट एक वाजेपर्यंत खालीच राहते, हे साइटवरच्या मांजरालाही माहीत होतं. त्याला नव्हतं.

वर नुसत्या भिंती आणि वारा. सॅम्पलबाईंनी त्याला हवा कुठून येते ते दाखवलं, कुठे जाते ते दाखवलं, मग तीच हवा उलट दिशेने पुन्हा आणली. पूर्वेचं ऊन, पश्चिमेचं ऊन, नळाचा दाब. तो अधूनमधून म्हणायचा, "बायकोला जरा डोक्याचा त्रास आहे, मॅडम. कारण नसताना घर सोडलं. पण जाणार कुठे? येईल मुकाट्याने." सॅम्पलबाईंना वाटलं, हातातली मोजपट्टी याच्या तोंडात कोंबावी. त्यांनी त्याला न्हाणीघराची जागा दाखवली.

बारा वाजून दहा मिनिटांनी खाली फाटकाशी एक साधी पांढरी गाडी थांबली. पिवळं हेल्मेट घातलेली तीन माणसं ऑफिसमधून निघाली. पुढे फोनकाका, हातात नकाशाची भेंडोळी. मागे एक मोठं हेल्मेट आणि एक छोटं, ते तर जवळजवळ खांद्यावरच टेकलेलं.

तो वाकून बघत होता. "साइटवर लहान मुलं येऊ देता?"

"हेल्मेट घातल्याशिवाय नाही, सर," सॅम्पलबाई म्हणाल्या. गाडीचं दार लागलं, गाडी वळली आणि गेली. निरोप घ्यायचा राहूनच गेला, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

साडेबाराला त्याने घड्याळ पाहिलं. लिफ्ट बंद आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने ऑफिसला फोन लावला. फोनकाकांनी मधाळ आवाजात सांगितलं, "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, सर, कृपया प्रतीक्षा करा," आणि संगीत लावून ठेवलं. ते संगीत सात मिनिटं ऐकल्यावर त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला.

"कुठे आहे ती?" आता आवाजात गोडवा नव्हता. त्याने सॅम्पलबाईंचं मनगट धरलं.

"घर बघायला गेल्या असतील," सॅम्पलबाई म्हणाल्या. "आमच्याकडे येणारे सगळे तेच करतात."

त्याचा दुसरा हात वर गेला. त्याच वेळी शेजारच्या खोलीतून कुणीतरी खाकरलं. फरशी बसवणारे चौदा कामगार तिथे डबे उघडून बसले होते आणि चौदाही जण जेवायचे थांबून बघत होते. हा मजला सॅम्पलबाईंनी उगाच निवडला नव्हता. चारचौघांत असल्या माणसाचा हात उठत नाही, हे त्या स्वतःच्या लग्नात शिकल्या होत्या. हात खाली आला. त्याने शर्ट नीट केला आणि जिन्याकडे धावला. अकरा मजले उतरायला त्याला बराच वेळ लागला. खाली फाटकाशी दोन पोलीस उभे होते. ते त्याच्याशी काय बोलले ते वर ऐकू आलं नाही, पण बोलत बराच वेळ होते.

एक वाजता लिफ्ट सुरू झाली आणि सॅम्पलबाई खाली आल्या. सॅम्पल फ्लॅटमध्ये साहेब येरझाऱ्या घालत होते.

"बाई, फॅमिली कुठाय? दोन पार्ट्या बघायला थांबल्यात!"

"गेली, साहेब. त्यांना घर मिळालं."

"घर?" साहेबांचा चेहरा पडला. "तीन दिवस आपल्याकडे राहून दुसऱ्याकडे घर? असं काय आहे हो त्यांच्याकडे, जे आपल्याकडे नाही?"

सॅम्पलबाई खुर्चीत टेकल्या. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं.

"ते पत्ता कुणालाच सांगत नाहीत, साहेब," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा नाही सांगितला."