ढग कुणाकडं धाडायचा?

मंडळी, चैत्रातला आजचा दिवस बघा. सकाळी देवीचा डोंगर चढताना आईनं गारठ्यानं डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत पायऱ्यांचे चटके बसायला लागले. आणि उतरायला निघालो, तर उत्तरेकडून काळाकुट्ट ढग! माणसानं निघावं तरी काय घालून?

वरून आमचं वावर दिसतं. काढलेला कांदा उघड्यावरच पडलेला. धावत उतरलो असतो तरी झाकून झाला नसता.

आई परत देवळात गेली. हात जोडून म्हणाली, "माय, एवढा आमच्यावरून पुढं जाऊ दे."

ढग खरंच पुढं सरकला. आमच्या वावरावर नुसती सावली पडून गेली. मी खूश, पण आई ढगाकडंच बघत राहिली. पुढं म्हणजे कर्जत. तिकडं माझ्या मामाचं शेत.

"दादाचा बी कांदा उघडाच हाय रं," ती म्हणाली. "म्या हे काय मागितलं!"

मी लगेच मामाला फोन केला. "आभाळ आलंय, झाकतोय," म्हणून त्यानं घाईत ठेवला.

आई पुन्हा देवीपुढं उभी. "पाऊस हितंच पाड, माय. डोंगरावर कुणाचं काय न्हाई. आमी भिजू की."

आम्ही कोरडेच घरी आलो.

संध्याकाळपासून मामाला फोन लावू का, म्हणून आईला विचारतोय. "थांब जरा," एवढंच म्हणते.

कर्जतकडचं कुणी वाचत असेल तर सांगा. पडला का हो तुमच्याकडं?