वाचून दाखवला, बरोबर आहे

आमचा मसुदा पोस्टाने हातात पडला, की शेख सर आधी कागदाचा तळ पाहत. वरचा कायदा मागाहून.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. पाय अधू झाल्याने बेलापूरहून नगरच्या लॉ कॉलेजात येणं त्यांना झेपत नसे. म्हणून वकिलीचं प्रत्यक्ष काम ते आम्हाला पत्रांतून शिकवत, तेही स्वतःच्या खऱ्या पक्षकारांवर. पक्षकाराच्या घरी जायचं, अर्ज लिहायचा, त्याला वाचून दाखवायचा आणि खाली 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं लिहून अंगठा घ्यायचा. "वकीलसाहेब," सर आम्हा पोरांना लिहीत, "कागद आधी माणसाच्या कानाला लागू द्या, मग कोर्टाच्या डोळ्याला."

माझ्या वाट्याला आमच्या कोल्हारच्याच साळूबाई आल्या. त्यांची शेताची वाट शेजाऱ्याने काटे टाकून अडवली होती. मी एकदा जाऊन घाईघाईने टिपणं काढली. वाचून दाखवायच्या दिवशी नेमकी क्रिकेटची मॅच होती. मी माझाच अंगठा उठवला, शाई पुसली आणि खेळायला गेलो. तेव्हा लाज वाटली म्हणेन, तर ते खोटं होईल.

विहिरीच्या पूर्वेची वाट मी पश्चिमेची लिहिली होती. तळाला अंगठा उठलेला पाहून सरांनी माझ्यावर विसंबून अर्ज दाखल केला. मामलेदारांच्या पाहणीत पश्चिमेला वाट सापडली नाही, अर्ज फेटाळला गेला, आणि नव्या अर्जाची मुदतही टळली होती. एरवी घर न सोडणारे सर त्या दिवशी रिक्षा करून तालुक्याच्या मामलेदार कचेरीत आले, कुबडीवर उभे राहिले. "चूक माझी हाय, साहेब. बाईची न्हाई." मी मागच्या बाकावर होतो.

आठवड्याने माझा मसुदा परत आला. अंगठ्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता. शेजारी लिहिलं होतं, "हा विळा धरणाऱ्या बाईचा अंगठा नाही. जाऊन या."

मी गेलो नाही. पास झालो, सनद मिळाली, सरांना दिवाळीची पत्रं धाडत राहिलो. त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही, आणि तेच मला जास्त सलत राहिलं.

काही वर्षांनी सर गेले. त्यांच्या मातीला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन साळूबाईंकडे गेलो. लांबच्या वळणाने आणलेला वैरणीचा भारा त्यांनी नुकताच उतरवला होता. मी अख्खा अर्ज वाचून दाखवला. अंगठा कुणाचा, तेही सांगितलं.

त्यांनी भाऱ्यात खोचलेला विळा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "न्हाई बाबा, वाट उगवतीला हाय. तवा वाचला आसतास, तर तवाच सांगितलं आसतं."