कनकीची मूठ

“हा डबा बाजूले ठेव. याच्यात तं सारी कनकीच हाये.”

मी चर्चच्या मागे नळावर कप धूत होते आणि स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावर होती. आवाज महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा होता. डबा आईचाच असणार.

“मंग याचं का करू?” दुसऱ्या बाईने विचारलं.

“पाळकसाहेबाच्या कोंबड्याईले होते. भातात नोको टाकू, लगदा होते सारा.”

आमच्या मंडळीत बायका भात टाकण्याआधी घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून डब्यात टाकतात. नव्या धानाच्या उपकारस्तुतीला सगळे डबे एका परातीत ओततात आणि तोच भात सगळे मिळून जेवतात. आज तोच दिवस होता. नियम एकच, घरी शिजणार आहे त्यातलीच मूठ. बहुतेक बायका आदल्या संध्याकाळी दुकानातून चांगला तांदूळ आणून डबा भरतात. आमचं घर दुकानासमोर आहे, त्यामुळे मला दिसतं. आई मात्र रोज मूठ काढते, आणि यंदा आमच्याकडे राइस मिलमधली कनकी, म्हणजे तांदळाचा तुकडा, शिजते.

त्याला कारण आहे. मंडळीत नव्याने आलेल्या एका बाईचा नवरा आजारी पडला, तेव्हा आईने आमचं तांदळाचं पोतं ऑटोत घालून तिच्याकडे पाठवलं. आता आपण काय खायचं, असं मी दारातच विचारलं.

“देव पुरवीन न,” आई म्हणाली. “तू कायले जीव जाळून राहिली?”

देवाने कनकी पुरवली. आईने तिच्यासाठीही डोळे मिटून आभार मानले. मी डोळे मिटले नाहीत.

खिडकीतली ती दुसरी बाई तीच होती, आमचं पोतं मिळालेली.

मी कपांचा ट्रे घेऊन आत गेले. डबा कोंबड्यांच्या बादलीशेजारी ठेवलेला होता. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि वांगी चिरू लागली. कोणी बोलणं थांबवलं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, तेव्हा मला इथली बोली कळत नाही, असं या बायकांनी ठरवून टाकलंय. मी ते कधी खोडून काढलं नाही. त्यामुळे त्या माझ्यासमोर मोकळ्या बोलतात आणि मला कोण काय आहे ते कळतं.

तेवढ्यात आई आली. तिला डबा दिसला.

“कनकी हाये न बाई, म्हणून काढला,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “कोंबड्या खातीन. ‘देव पाखराईले पोसते’, यावरच आज प्रवचन झालं नाही का?”

सगळ्या हसल्या. पोतंवालीही हसली.

“राहू द्या, कोंबड्याही देवाच्याच,” आई म्हणाली.

“पाहा, हिले कोनतीच गोष्ट लागत नाही. म्हणून तं देव हिले देते.”

मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्यांच्याहून जास्त आईचा. देव देतो म्हणे. आमच्या घरातून जे बाहेर जातं ते आईच्या हाताने जातं, आणि त्याच हाताला इथे कोंबड्यांची बादली दाखवतात.

आई चाकू घेऊन खाली बसली. एक वांगं चिरलं. मग मान वर न करता, अगदी हळू विचारलं, “मंग आज भातात माही मूठ नसन का?”

वर्षभर मूठ काढताना ती या एका जेवणाचं बोलत असे, सगळ्यांच्या पोटात आपली मूठ जाईल म्हणून. चुलीवर भाताच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, पाण्याला आधण येत होतं.

मी ट्रे खाली ठेवला आणि बादलीजवळचा डबा उचलला. माझे हात ओले होते, झाकण घट्ट बसलं होतं, दोनदा निसटलं. पोतंवालीने आता माझ्याकडे नीट पाहिलं.

“आमचं पोतं याईच्या घरी गेलं, तवापासून आमी हेच खाऊन राहिलो, आंटी,” मी अध्यक्षीणबाईंना म्हणाले. “गंजावरचं झाकण काढा.”