बारावा आणि तेरावा उंदीर

सेंट्रिफ्यूज चालू करून मी शेजारच्या स्टुलावर बसते. नळ्या वीस मिनिटं फिरणार. दुपारचे तीन वाजलेत. खोली गार आहे, यंत्राची घरघर एकसुरी. मी टेबलावर डोकं टेकते.

सकाळचं पाटणकरांचं बोलणं अजून कानात आहे. ते माझे चौदा वर्षांपासूनचे सहकारी. "शैलाताई, ते दोन उंदीर म्हातारेच होते. तक्त्यातून वगळले तर कोण विचारतंय?"

आम्ही बनवलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा एक बारकासा तुकडा, हाडांतल्या मज्जेला रक्तपेशी बनवायला लावतं. अकरा उंदीर त्यानं तगले. बाराव्या आणि तेराव्याच्या डोळ्यांत मात्र रक्तवाहिन्याही भलत्याच वाढल्या. दोघंही आंधळे झाले. तीन महिन्यांनी मी निवृत्त होतेय. कुणाशी वाद घालायचं बळ आता उरलेलं नाही.

घरघर लांब लांब जाते.

"शैले, सरक जरा."

श्रीरंगदादा. माझा थोरला भाऊ. त्याच्या हाडांतल्या मज्जेनं रक्त बनवणंच सोडून दिलं आणि तेविसाव्या वर्षी तो गेला. मी आता त्याच्याहून चौतीस वर्षांनी मोठी आहे, तरी निमूट सरकते.

आम्ही मिरजेच्या दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर बसलोय. वर रक्ताची बाटली टांगलेली.

"अजून किती वेळ?" तो विचारतो.

"वीस मिनिटं."

"तू नेहमी वीस मिनिटंच सांगतेस."

मग आम्ही व्हरांड्यातून चालतोय. व्हरांडा संपत नाही. पायाखाली हळकुंडं वाळत घातलीयत. हे तर सांगलीतल्या वखारीचं अंगण, जिथं बाबा दिवाणजी होते. दादा अनवाणी आहे. त्याला साधं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही, म्हणून मी खाली बघत चालते.

"औषध निघालं म्हणे तुझं."

"निघालंय. जवळजवळ."

"मला दिलं असतंस?"

"लगेच."

"डोळे गेले असते तरी?"

"जगला असतास, दादा."

"खरंय. कदाचित मीही घेतलं असतं." तो थांबतो. "पण आधी मला सांगितलं असतंस?"

तेव्हाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले, त्याला काही सांगायचं नाही असं बाबांनी मला बजावलं, आणि मी रोज त्याच्या उशाशी बसून दिवाळीला घरी जायच्या गप्पा मारत राहिले. आकाशकंदील कुठल्या रंगाचा करायचा इथपर्यंत.

"मला कळलं होतं गं," तो म्हणतो. "तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. तू बोलली असतीस तर मलाही बोलता आलं असतं."

"तेव्हा धीर झाला नाही. आणि आता फार दमलेय रे."

"दिसतंय."

तो माझं मनगट धरतो. शेवटच्या दिवसांत आम्ही त्याला हात लावायला भ्यायचो. जरा दाबलं की कातडीखाली काळंनिळं व्हायचं. त्याची बोटं मात्र आता घट्ट आहेत. खूप घट्ट.

यंत्र थांबल्याची शिट्टी वाजते.

गाल टेबलाला चिकटलाय. खोलीत कुणी नाही. मी नळ्या काढून बर्फात ठेवते आणि पाटणकरांना फोन लावते.

"ते दोन्ही उंदीर मी तक्त्यात घेतेय."

"शैलाताई, मग माणसांवरच्या चाचणीची परवानगी लांबणार. तुम्ही असेपर्यंत तर नाहीच मिळायची."

"नाही मिळायची."

"बरं," ते म्हणतात. "डोळ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. पाठवतो."

मी बारावी ओळ भरते. तेरावी भरताना कोटाची बाही मागे सरते. मनगटावर, नाडीच्या जरा वर, अंगठ्याएवढा काळानिळा डाग आहे.

मी दाबून बघते. दुखतं.