अप्पांनी निवडलेलं कुलूप

बोरीतल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात अप्पा पासवर्ड टाकायचे तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "तोंड तिकडं करा बरं." गिऱ्हाईक ओशाळून रस्त्याकडे बघायचं. कुणी चेष्टा केली, "अप्पा, आत काय सोनं हाय का?" तर म्हणायचे, "सोनं चोरीला गेलं तर पोलिसात जाता येतंय. फोटो गेल्यावर कुठं जाणार?"

त्याला कारण होतं. गावातल्या एका मुलीने जिंतूरला मोबाईल दुरुस्तीला दिला आणि तिचे फोटो गावभर फिरले. तिने कॉलेज सोडलं. अप्पा आणि मावशींची एकुलती एक मुलगी गौरी तेव्हा नुकतीच तापाने गेली होती. तिचे फोटो, नाचाचे व्हिडिओ दुकानातल्या कॉम्प्युटरवर तसेच उघडे होते.

त्यांच्या शेजारच्या आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. म्हणून त्यांनी मला विचारलं, "तू शिकायलास, सांग फोटोंना पासवर्डचं कोणतं कुलूप चांगलं?" मला फारसं कळत नव्हतं, पण तसं म्हणायची लाज वाटली. दोन दिवस वाचत बसलो. मग सांगितलं, की एक कंपनीचं आहे, पासवर्ड विसरला तर कंपनी उघडून देते. दुसरं फुकट आहे, ते कसं बनवलंय हे कुणालाही वाचून तपासता येतं, पण पासवर्ड गेला तर कुणीच उघडू शकत नाही.

"कंपनीला उघडता येतंय म्हंजे चावी तिच्याकडं हाय," अप्पा म्हणाले. "दुसरं टाक."

मलाही तेच पटलं होतं. गौरीचं सगळं एका पेन ड्राइव्हवर कुलपात गेलं आणि बाहेरचं, मोबाईलमधलंसुद्धा, अप्पांनी स्वतः पुसलं. मी म्हणालो, "पासवर्ड मावशींना तरी सांगून ठेवा." ते हसले. "तिच्या पोटात काय राहत न्हाई रे." मोठ्या माणसाला दोनदा कसं सांगायचं, म्हणून मी तो विषय सोडला.

ऐन पेरणीत अप्पा दुकानातच खुर्चीवरून कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

आता सुट्टीत गावी आलो की मावशी पेन ड्राइव्ह घेऊन येतात. गौरीची जन्मतारीख, लग्नाचं साल, कुलदैवताचं नाव, सगळं टाकून झालं. या वेळी मी धीर करून म्हणालो, "मावशी, हे उघडणार नाही."

"मला नाच नको," त्या म्हणाल्या. "आई म्हणून हाक मारलेली असंल की कुठं तरी. तेवढीच काढून दे."

मी पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला.

"हे कुलूप निवडलं कुणी रे?"

"अप्पांनीच," मी म्हणालो.

"मग चांगलंच असंल," त्या म्हणाल्या.