कुजलेला दोर

आमच्या तारकर्लीत नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, कुजवतात. सहा महिने ती खाडीच्या चिखलात पुरायची, मऊ भाग सडून गेला की उरलेला काथ्या कुटून दोर वळायचा. आईचा दोर गावात एक नंबर. तिला त्याचा गर्व होता, आणि असायलाच हवा होता.

साठीच्या दशकातल्या एका मे महिन्यात घाटावरचे एक साहेब होड्यांसाठी दोर घ्यायला आले. आईने कौतुकाने सांगितलं, "सा म्हयने कुजयललो आसा, सायबानू!" कुजयललो म्हणजे मुद्दाम कुजवलेला; साहेबांनी ऐकलं 'कुजलेला' आणि वहीत लिहिलं: कुजका माल, नापास. दोर वळणाऱ्या बायकांसमोर आईचा चेहरा एवढासा झाला. माझं डोकंच फिरलं.

मी तेव्हा कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकत होते. खोडाचे काप रंगवायचं रसायन सुट्टीत घरी आणलं होतं. धावत जाऊन बाटली आणली, दोराच्या टोकावर चार थेंब टाकले. टोक लालभडक झालं. "हे लिग्निन," मी म्हटलं. "कुजलं ते वेगळं, दोराचं बळ हे."

"पोरी, कुंकू लावून दोर घट्ट होत नाही," साहेब हसले आणि जीपमध्ये बसले.

त्या रंगामागे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, सिनॅमिल अल्कोहोल डीहायड्रोजनेज. ते आल्डिहाइडचं अल्कोहोल करतं, त्या अल्कोहोलचं पुढे लिग्निन होतं. थोडं आल्डिहाइड तसंच राहून जातं, लाल होतं ते तेच. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे हेच शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली.

जीप पन्नास पावलं गेली आणि पुळणीत रुतली. चाकं फिरतात, वाळू उडते, जीप आणखी खाली. शेवटी साहेब घामाघूम होऊन परत आले. "बाई, तो दोर जरा द्या."

"कुजललो आसा, सायबानू," आई म्हणाली. "तुटतलो हां."

बायका खो खो हसल्या. मग त्यांनीच दोर जीपला बांधला आणि दहा जणींनी ओढून ती बाहेर काढली. दोराचा एक धागा सुटला नाही. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते.

साहेबांनी वही काढली, 'नापास' खोडलं, 'कुजका' खोडलं. "मग काय लिहू?"

"कुजयललो," आई म्हणाली. "तसोच लिवा."