चुन्याखालचं नाव
भिजलेल्या चुन्याचा वास आला की मला बेलापूरजवळची, उसाच्या कडेची आमची दफनभूमी आठवते. दर नोव्हेंबरात आम्ही ख्रिस्ती लोक तिथल्या कबरींना चुना देतो. आमच्या घराण्यात पहिले ख्रिस्ती झालेले, तिथल्या माळावर पहिलं घर बांधणारे खापरपणजोबा तिथेच आहेत. पण त्यांची कबर नेमकी कोणती, हे कुणालाच सांगता येईना. एका वर्षी आत्याने चुन्याची बादली बाजूला ठेवली आणि सगळ्यात जुना दगड करवंटीने खरवडायला घेतला. पापुद्र्यामागून पापुद्रे निघाले आणि खाली त्यांचं नाव दिसलं. आत्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "आमीच बुजवलं की गं, दरसाली मायेनं," म्हणाली आणि रडता रडता हसली. आता चुना मी देते. नावापाशी आलं की कुंचला आपोआप थांबतो.